पालो ड्युरो दरीत उतरण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करावा
टेक्सासमधील अमरिलो शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर असलेली पालो ड्युरो दरी, भोवतालचे पठार अगदी सपाट असल्यामुळे, कड्याशी पोहोचेपर्यंत दिसतच नाही. सुमारे 250 मीटर खाली उतरले, की तांबड्या खडकांची झळ जाणवू लागते. ‘लाइटहाउस’ या प्रसिद्ध सुळक्यापर्यंत जाऊन येण्याची वाट सुमारे 9 किलोमीटरची असून तिच्यावर सावली फारच थोडी आहे. म्हणून उन्हाळ्यात ती भल्या सकाळी सुरू करावी आणि माणशी जवळजवळ 4 लिटर पाणी सोबत घ्यावे.

वाटेत एखादा झरा लागेल, या भरवशावर मुळीच राहू नये. कड्यालगतच्या ‘ओगालाला’ या वाळू-खडीच्या, पाणी साठवणाऱ्या थरातून पाझरणारे पाणी गोडे असते. परंतु खालच्या तांबड्या थरांत ज्या पांढऱ्या, तकतकीत रेघा दिसतात (त्या खरोखर देखण्या आहेत), त्या जिप्समच्या असतात आणि त्यांतून झिरपलेले पाणी कडवट लागते व पोट बिघडवते. पठारावर वादळी पावसाची चिन्हे दिसताच, तळातील नदीवरचे बुटके फरशी-पूल पाण्याखाली जाण्याआधी परत फिरावे.