रिसायकलिंगचा डबा भरताना या चुका टाळा

एखादी वस्तू हातात घेऊन क्षणभर घुटमळायचे आणि मग 'घेतली तर घेतली' म्हणत ती रिसायकलिंगच्या डब्यात टाकून द्यायची, ही सवय हेतू चांगला असूनही नुकसान करते, कारण चुकीची वस्तू नुसती वाया जात नाही, तर सोबतचा चांगला मालही खराब करते.

सर्वाधिक फसगत होते ती बाणांच्या त्रिकोणामुळे. प्लास्टिकवर त्या त्रिकोणात १ ते ७ पैकी जो आकडा असतो, तो केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही पद्धत आणली ती त्यासाठीच. पाण्याच्या बाटल्यांचे १ आणि शाम्पूच्या जाड बाटल्यांचे २ क्रमांकाचे प्लास्टिक बहुतेक ठिकाणी घेतले जाते. ६ क्रमांकात थर्मोकोलही येतो, तो मात्र फारच थोड्या ठिकाणी घेतात. ७ म्हणजे तर निव्वळ 'इतर'. त्यामुळे खूण दिसली की डब्यात, हा हिशेब चुकतो. आपल्या भागात कोणते क्रमांक स्वीकारतात, हे एकदा विचारून घ्यावे.

कागदासारखे दिसणारे सगळेच कागद नसते. चहाकॉफीचा कागदी पेला उभा फाडून पाहिल्यास कडेला पातळ, चिवट पापुद्रा ताणला जातो. ते प्लास्टिकचे अस्तर असते आणि साध्या कागदाच्या लगद्यात ते विरघळत नाही. दुकानातील गुळगुळीत पावतीवर नखाने जोरात रेघ ओढल्यास काळी खूण उमटते, म्हणजे तो रसायनाचा थर दिलेला थर्मल कागद आहे आणि तो रद्दीत टाकू नये. चकचकीत वेष्टन मुठीत चुरगाळावे: चुरगळलेलेच राहिले तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, पुन्हा उलगडू लागले तर धातूचा मुलामा दिलेले प्लास्टिक. वापरलेले टिश्यू पेपर तर कोणत्याच परीक्षेला बसवू नयेत. त्यांचे तंतू इतके आखूड असतात की पुढे त्यांचा कागद होत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यावरील तेलाचा डाग किरकोळ वाटतो, परंतु पुठ्ठा पाण्यात घोळवून लगदा करताना ते तेल तंतूंना चिकटून राहते. अशा वेळी तळाचा तेलकट भाग फाडून वेगळा करावा आणि कोरडे झाकण खुशाल द्यावे. डबे-बाटल्याही विसळून, निथळून टाकाव्यात. घासूनपुसून लख्ख करण्याची मात्र गरज नाही, तेवढे पाणी वाचवलेले बरे.

सगळा माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देणे नीटनेटके दिसते, पण वर्गीकरण केंद्रात हीच पिशवी यंत्राच्या फिरत्या चकत्यांना गुंडाळली जाते आणि कामगारांना यंत्र थांबवून ती कापून काढावी लागते. माल सुटाच द्यावा.

काचेच्या बाटल्या व बरण्या चालतात. ओव्हनमध्ये वापरायची भांडी चालत नाहीत, कारण ती काच बाटलीच्या काचेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळते आणि तिचे तुकडे नव्या बाटलीत खडे होऊन राहतात.

एका बाबतीत मात्र चूक थेट आगीपर्यंत जाते. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते आणि भोवती कागद असतोच. जुना फोन, चार्ज होणारी खेळणी, ब्लूटूथचे इयरफोन यांतही हीच बॅटरी असते, हे सहज विसरले जाते. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनाकडेच द्यावी.