अंबाडीचा वाख आणि केळीचं सोपट सूक्ष्मदर्शकाखाली कसं पाहावं

पूर्वी पोळ्याला बैलांच्या नव्या दोरासाठी अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीतले तंतू, लागायचा. आता नायलॉन आलं. तरी खानदेशात भाजीपुरती अंबाडी बांधावर सापडतेच. तिचा पेन्सिलीइतका जाड, हिरवा दांडा घ्या. जून दांडा पात्याला दाद देत नाही.

खरी कसरत काप काढण्याची. दाढीचं नवं पातं आणि दांडा दोन्ही ओले करा. दांडा चिमटीत उभा धरा आणि पातं आडवं, एका झटक्यात आपल्याकडे ओढा. बोट मात्र पात्याच्या वाटेत नको. करवतीसारखं मागे-पुढे केलं की काप फाटतो. १५-२० काप बशीतल्या पाण्यात टाका. अख्खी गोल चकतीच हवी हा हट्ट सोडा, काठाचा पातळ तुकडा पुरतो. माझे पहिले काप इतके जाड होते की भिंगातून नुसता अंधार दिसला. अंबाडी भेंडीच्या कुळातली, म्हणून बुळबुळीत; पाणी दोनदा बदला.

काप सॅफ्रानीन या लाल रंगाच्या १ टक्का द्रावणात २-३ मिनिटं ठेवून धुवा. लिग्निन, म्हणजे पेशींच्या भिंती कडक करणारं द्रव्य, साचलेल्या भिंती लाल होतात. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात काप, वर झाकणकाच तिरकी टेकवून हळूच सोडा. ठळक काळ्या कडेचं वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा.

आधी १० पट मोठं दाखवणारं भिंग, मग ४० चं. ४० वर फक्त बारीक स्क्रू फिरवा. रुंद लाल पट्टा दिसतो तो लाकडाचा, त्यातली मोठी भोकं पाणी वाहणाऱ्या नळ्यांची. नवखा माणूस तिथेच रमतो. वाख त्याच्या बाहेर, सालीत असतो: जाड भिंतींच्या पेशींचे लाल पुंजके, थरावर थर, बाहेरच्या बाजूला निमुळते होत गेलेले. या पुंजक्यांच्या मधल्या मऊ पेशी अन्न वाहतात. दांडे पाण्यात कुजवले की हा मऊ भाग सडतो आणि पुंजके सुटे होतात.

रावेर-यावलकडे असाल तर केळीही पाहा. तिचा उभा बुंधा म्हणजे खोड नव्हे, एकावर एक घट्ट बसलेली सोपटं, म्हणजे पानांचे तळाचे रुंद भाग. खरं खोड जमिनीतला कंद. घड यायच्या वेळी त्याचाच दांडा मधून वर चढतो. इथे पातं नकोच. सोपटाचा तुकडा मोडून दोन्ही टोकं सावकाश लांब ओढा. मध्ये ताणलेले बारीक धागे काचपट्टीवर टेकवून घ्या, पाण्याचा थेंब टाका. १० च्या भिंगाखाली पेनातल्या स्प्रिंगसारखी वेटोळी दिसतील. पाणी वाहणाऱ्या नळीच्या भिंतीवरची सर्पिल जाडी उलगडली आहे ती. दोराच्या कामाचे तंतू वेगळे, ते सोपटाच्या बाहेरच्या सालीलगत असतात.

आणि हो, चांगला सदरा घालून बसू नका. केळीच्या चिकाचा डाग सहजी निघत नाही.