जोडीने गड पळायचे तर: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

डोंगरातल्या लांब शर्यतीला नाव नोंदवायच्या आधी दोघींनी एकदा निवांत चहाला बसावं आणि एवढंच ठरवावं, की वाटेत एकीला जमेना झालं तर दुसरीने काय करायचं. बूट, बॅग, खाणंपिणं हे सगळं त्यानंतर. आम्ही हे ठरवलं नव्हतं. सिंहगड, राजगड, तोरणा अशा तीन गडांवरून जाणाऱ्या ५३ किलोमीटरच्या शर्यतीला आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातल्या दोघी शेजारणी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ‘बघू की तिथं गेल्यावर’ म्हणून विषय सोडून दिला होता. पहिल्याच गडाच्या उतारावर मी सुटले. उतार माझ्या पायाला सोपा जातो. खाली येऊन वळून बघते तर ती मागे नाही, आणि फोनला रेंज नाही. चाळीस मिनिटं मी एका दगडावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, ‘निळा टी-शर्ट, वेणी घातलेली बाई दिसली का हो?’ ती आली ती एका अनोळखी मुलाच्या खांद्याला धरून, घोटा टम्म सुजलेला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणं अजून लागतं. ही यादी त्या चाळीस मिनिटांनंतर केलेली आहे.

तर आमच्यात ठरलं ते असं. चढाला जी मंद तिची चाल दोघींची, उताराला जी घाबरते तिची चाल दोघींची. पुढच्या बाईने नजरेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही, वळण आलं की थांबायचं. दर अर्ध्या तासाला एकमेकींना तीन गोष्टी विचारायच्या: शेवटचं काय खाल्लं, लघवी कधी झाली, आणि बुटात कुठे घासतंय का. ‘बरी आहेस ना’ असं विचारू नये, त्यावर प्रत्येक बाई ‘हो’च म्हणते. वेगळं व्हायचंच झालं तर फक्त एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाणं-पाणी आणि मदतीच्या ठाण्यावर, मधल्या वाटेवर कधीच नाही. दुखापत असेल तर मदत हातात येईपर्यंत दोघी थांबणार. नुसता थकवा असेल आणि कट-ऑफची, म्हणजे तो टप्पा गाठायच्या मुदतीची वेळ जवळ येत असेल, तर जिच्यात जीव आहे तिने पुढे जावं. पण ‘जा गं तू’ हे मागे राहणारीने म्हणायचं, पुढे जाणारीने विचारायचं नाही. हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा. पाच महिने रोज दिसलं की ऐन वेळी वाद होत नाही.

शर्यत डिसेंबरात असेल तर सराव जुलैत सुरू झाला पाहिजे. आठवड्याचे किलोमीटर एकदम वाढवू नका, साधारण दहा टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला थोडे कमी करा. शनिवार-रविवार सलग दोन दिवस लांब पळा. एका दिवशी पन्नास किलोमीटर पळून बघायची गरज नसते. आदल्या दिवशीच्या दमलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायची सवय लागली, की पुष्कळ काम होतं. मधल्या दिवसांना कंबर तलावाच्या बाजूचा रस्ता पुरतो. लांबच्या पळण्याला मात्र डांबर सोडून माळावर जावं, कारण डांबरावर घोटा कधी वाकडा पडत नाही आणि म्हणून तो कधी शिकतही नाही.

आपला माळ काय काय शिकवतो ते मी पुण्याच्या मैत्रिणींना नेहमी सांगते. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातून जाऊ नका. माती बुटाला अशी धरते, की दहा पावलांत पायाला वीट बांधल्यासारखं होतं. मुरमाची वाट धरा, तिथे पाणी निचरतं. वेड्या बाभळीचा काटा बुटाचा तळ भेदून आत येतो, म्हणून घरी आल्यावर तळवा हाताने चाचपून बघायचा. काटा मोडून आत राहिला तर तो चार दिवसांनी बोलतो. आणि पावसाळा सरला की कुसळ. ऑक्टोबरात गवत वाळतं, कुसळं मोज्यात शिरतात आणि प्रत्येक पावलाला थोडी थोडी आत सरकतात. एकदा मी हिप्परग्याच्या बाजूला पळून आले आणि मोजा उलटा करून मोजलं, तर एकाच मोज्यात तेवीस कुसळं निघाली. एक तर घोट्याच्या कातडीत आडवं रुतलेलं, बाहेरून फक्त काळी रेघ दिसत होती. तेव्हापासून बुटावर कापडी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं आवरण, चढवल्याशिवाय आम्ही माळावर पाऊल ठेवत नाही. धनगरांची कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, चालत जा, मेंढक्याला हाक मारा. नान्नजच्या बाजूला जाल तर माळढोक अभयारण्याच्या हद्दीत शिरू नका. जमिनीवर, उघड्या गवतात एकच अंडं घालणारा पक्षी आहे तो, आणि मोजकेच उरलेत. आपल्या सरावाला दुसरा माळ पुष्कळ आहे.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात, ती वाट या यादीत ठळक लिहून ठेवा. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचं अंतर, रात्रीची चाल, शेवटी पाय भरून आलेले असताना तुळजापूरचा घाट. डिसेंबरच्या शर्यतीआधी बरोबर दोनेक महिने. आम्ही दरवर्षी जातो. घड्याळाचा वेग बघत नाही, फक्त पायांवर किती तास उभ्या राहतो ते बघतो. झोप अनावर झाल्यावर आपली मैत्रीण कशी वागते, चिडते की गप्प होते, हेही तिथेच कळतं. माझी मैत्रीण गप्प होते. तिचं बोलणं थांबलं की तिला खायला द्यायचं, हे मला त्या वाटेवर समजलं.

चढाचं काय, हा सोलापूरकरांचा खरा प्रश्न. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर सपाटीत राहतो, आणि राजगड १,३७६ मीटर, तोरणा १,४०३ मीटर. आमच्या इमारतीला सात मजले आहेत. एक मजला तीन मीटर धरला तर वर जाऊन आलं की एकवीस मीटर चढ. वीस फेऱ्यांत चारशे वीस. आठवड्यातून दोनदा, पाठीवर भरलेली बॅग घेऊन. लिफ्टने उतरू नका, खरा फायदा उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्यात बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कळवळायला होतं ते त्याचंच. पण एकदा तसं दुखून बरं झालं, की पुढच्या वेळी तोच स्नायू खूप कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून महिन्यातून एकदा तुळजापूरचा घाट नाहीतर येडशीजवळचा रामलिंगचा डोंगर गाठावा, आणि शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी करून थांबावं. चढावर पळायचा हट्ट मात्र सोडून द्या. तीव्र चढ सगळेच चालतात. गुडघ्यावर हात टेकून, लहान पावलं टाकत, बोलता येईल इतक्याच दमाने चालायचं. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झालाय.

खाण्यात आपल्याकडे परंपरा मोठी आहे, पण विचार करून वापरा. कडक भाकरी प्रवासाला उत्तम, शर्यतीत नाही. घसा कोरडा पडलेला असताना तिचा तुकडा तोंडात नुसता फिरत राहतो. शेंगा चटणी मात्र चिमूटभर पुडीत बांधून न्याच. पाच-सहा तास गोड खाऊन जिभेला शिसारी येते, तेव्हा मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्यावर ती चटणी टाकली, की पुन्हा गिळता येतं. जास्त नको, शेंगदाण्याचं तेल पळताना पोटात जड होतं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून बाकीचा हिशेब घरीच करून ठेवा: खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची चिक्की, जमत असतील तर पुडीतून चोखायची गोड जेल. भूक लागायची वाट बघू नका, पहिल्या अर्ध्या तासातच पहिला घास घ्या. आणि सरावात पचलेलं नाही असं काहीही त्या दिवशी नवीन खाऊ नका, एड स्टेशनवर कितीही आग्रह झाला तरी.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक जिवावर येते. कमी पिणं वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहणं तेवढंच वाईट. रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजून अंगठी रुतायला लागते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांना दाखवा. तहान लागेल तसं घोट-घोट प्या, आणि एका बाटलीत ओआरएस ठेवा. एक लिटरच्या पुड्याला एक लिटरच पाणी. अर्ध्या लिटरमध्ये अख्खा पुडा ओतू नये. सराव करून आल्यावर टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटत असतील तर तुमच्या घामातून मीठ जास्त जातं असं समजा. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या बॅगेतच ठेवू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. दुखतंय हे कळणंही उताराला गरजेचं असतं.

उन्हाचं आपल्याला कौतुक नाही, पण डिसेंबरात सह्याद्रीत पहाटे बोटं वळत नाहीत इतकी थंडी आणि दुपारी कड्यावर सावलीचा ठिपका नाही. पातळ जॅकेट, बाह्यांवर चढवायचे स्लीव्ह्ज, टोपी. पहिल्या चढाला लागण्याआधी जॅकेट काढा, घामाने भिजलं की ते निरुपयोगी होतं.

सामानात एक नियम: जीव वाचवणारी वस्तू दोघींकडे वेगवेगळी हवी. हेडटॉर्च दोन, जादा सेल दोघींकडे, शिट्टी दोघींकडे, चकाकणारी आपत्कालीन चादर दोघींकडे, क्रेप बँडेज दोघींकडे. ‘तुझ्याकडे आहे ना, मग मी कशाला घेऊ’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. क्रेप बँडेज घोट्याला कसं बांधायचं ते घरी डोळे मिटून करून बघा. बूट संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे. नाहीतर उताराला नखं काळी पडतात. ते बूट शर्यतीआधी किमान शंभर किलोमीटर पायात असावेत. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. काखेत, ब्राच्या पट्ट्याखाली, मांड्यांच्या आत पेट्रोलियम जेली भरपूर लावा आणि एक छोटी डबी बरोबर ठेवा. तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि कागदी पिशवी बॅगेत असू द्या. दमलेलं शरीर कॅलेंडर पाळत नाही. अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावू नका, कड्यांवर आग्यामोहोळं असतात. आणि फोनमध्ये दोघींच्या घरचे नंबर असले तरी ते कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

घरची तयारी पुरुष यादीत लिहीत नाहीत, बायकांनी लिहावी. त्या दोन दिवसांत दूध कोण घेणार, मुलांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या. हे आठवडाभर आधी बोलून मोकळं व्हा. डोक्यात घर घेऊन राजगड चढवत नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत पळणं निम्म्यावर आणा. पाय उगाच शिवशिवतात, कुठेतरी दुखतंय असं वाटतं. ते होतं तसं होऊ द्या. आदल्या दिवशी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की दुपारच्या आत पुणे, मग बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, घेऊन लवकर जेवण. वरणभात, दही. झोप लागणार नाही, त्याची काळजी करू नका. त्याच्या आदल्या रात्रीची झोप जास्त कामाची असते. एक जुनी सोलापुरी चादर शर्यत संपते तिथे परत मिळणाऱ्या पिशवीत ठेवा. तोरणा उतरून बसलं की दहा मिनिटांत हुडहुडी भरते, तेव्हा एका चादरीत दोघी मावतात.

आणि परतीचं तिकीट आधीच काढा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला, एकाच डब्यात, दोघींना खालचा बर्थ. वरच्या बर्थवर त्या रात्री पाय चढणार नाहीत.