ट्रॉम्सोच्या रात्रीची तयारी

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात झळकणारा रंगीत प्रकाश (ऑरोरा), पाहायला मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ, असं घरात कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. उजेडी आकाशात काय दिसणार? हंगाम सप्टेंबर ते मार्च. दिवाळीची सुट्टी त्यात छान बसते. नाताळात चोवीस तास सूर्याचं दर्शन नसतं, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात.

ट्रॉम्सोत तीन-चार रात्री तरी राहा आणि रात्रीची टूर पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे ढगांनी दगा दिला तर आणखी एक संधी उरते. पैसे भरण्याआधी विचारून घ्या: एका ठरलेल्या तळावर नेऊन बसवणार, की ढग चुकवत गाडी फिरवणार? मोठी बस की मिनीबस? उबदार सूट आणि बूट तेच देणार का? काहीच दिसलं नाही तर काय? बहुतेक जण पैसे परत देत नाहीत, फार तर पुढच्या फेरीला सवलत मिळते. माझं मत विचाराल तर चार पैसे जास्त गेले तरी ढग चुकवत फिरणारी मिनीबसच घ्यावी.

कारण खरी अडचण ढगांची असते. ऑरोराचा जोर किती असेल हे शून्य ते नऊमध्ये सांगणाऱ्या केपी नावाच्या आकड्यावरून लोक उगाच जीव टांगणीला लावतात. ट्रॉम्सो ऑरोराच्या पट्ट्याखालीच येतं, तिथे केपी २ सुद्धा पुरतो. त्याऐवजी फोनवर 'वायआर' हे नॉर्वेचं हवामानाचं अ‍ॅप घ्या आणि ढगांचा नकाशा पाहा. किनाऱ्यावर आभाळ भरलेलं असलं की गाइड गाडी आत स्किबोटनच्या दरीकडे वळवतात, कधी थेट सीमेपलीकडे फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीपर्यंत नेतात. म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत न ठेवता आतल्या खिशात ठेवा. फिनलंडचं घड्याळ नॉर्वेपेक्षा एक तास पुढे आहे. फोनवर अचानक तास वाढलेला दिसला तर घाबरू नका.

आता कपडे, आणि इथे कंजुषी नको. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ट्रॉम्सो शहरात थंडी बेताची असते, पण आतल्या भागात पारा उणे वीसच्याही खाली जाऊ शकतो. शिवाय तिथे चालायचं नसतं, तासन् तास एका जागी उभं राहायचं असतं. अंगालगत लोकरीचे थर्मल घाला. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग तोच ओलावा गारठवतो. त्यावर महाबळेश्वरसाठी घेतलेला स्वेटर चालेल, सर्वांत वर मात्र वारा अडवणारं जाकीट हवंच. बूट एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय उलट जास्त गार पडतात. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या: आतली पातळ, बटणं दाबता येतील अशी, आणि वर बोटं एकत्र राहतील अशी जाड. माकडटोपीला हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, मध्यरात्री तेच ती उसनी मागतील. शहरातल्या बर्फाळ फुटपाथांसाठी बुटांवर चढवायचे खिळे तिथल्या दुकानांत मिळतात. घरातले आजी-आजोबा बरोबर असतील तर ते आधी घ्या.

थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादा बॅटरी आणि पॉवरबँक अंगालगतच्या खिशात ठेवा. कॅमेऱ्याला तिवई लागतेच, काही टूरवाले ती देतात. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर लावा, आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो तो आकडा) १६०० ते ३२००, शटर पाच ते दहा सेकंद उघडं. ही बटणं हॉटेलच्या खोलीत दिवे मालवून चाचपून पाहा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर सगळी गाडी तुमच्यावर चिडेल. परतताना कॅमेरा पिशवीत नीट बंद करूनच गाडीत न्या, म्हणजे त्यावर बाष्प धरणार नाही. मंद ऑरोरा डोळ्यांना बऱ्याचदा पांढुरक्या ढगासारखा दिसतो आणि फोटोत हिरवा येतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

बरेच टूरवाले गरम सूप देतात, पण त्यात मासा किंवा रेनडिअर असू शकतो. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. थर्मासात चहा, डब्यात थेपले आणि तिळाचे लाडू असले की निश्चिंत. चहा मात्र बेताने प्या, स्वच्छतागृह वाटेत मिळेलच असं नाही, आणि एवढे थर उतरवणं ही शिक्षा आहे. गाडी लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गोळी घ्यावी. इन्सुलिन गोठू नये म्हणून तेही आतल्या खिशात ठेवा.

दुपारी झोप काढा. गाडी संध्याकाळी सहा-सातला निघते आणि रात्री एक-दोनला, कधी त्याहून उशिरा परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान ठेवू नका.