बेसची तार तुटली? ती फेकण्याआधी हे वाचा

बेस गिटारची तार सहजासहजी तुटत नाही. साध्या गिटारची सगळ्यात पातळ तार जोरात वाजवली तरी जाते, त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. बेसची गोष्ट वेगळी. तिला चार तारा, जाडीकडून बारीककडे ई (E), ए (A), डी (D) आणि जी (G). नेहमीच्या सेटमध्ये सगळ्यात बारीक असलेली जी (G) तारसुद्धा ०.०४५ इंच जाड असते आणि सगळ्यात जाड ई ०.१०५ इंच. आत पोलादी गाभा, वरून निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं वेटोळं. असली वस्तू तुटली म्हणजे तिला कोणीतरी तोडलेलं असतं. सॅडलने (बुडाकडे तार ज्यावर टेकते तो धातूचा तुकडा), नटने (डोक्याकडे तार टेकते ती खाचांची पट्टी), सूर लावायच्या चावीने, गंजाने, नाहीतर ट्यूनिंग करणाऱ्याने. म्हणून नवा सेट आणायला नागपुरात बर्डीच्या बाजारात गाडी काढण्याआधी तुटलेले दोन्ही तुकडे जुळवून बघा. गुन्हेगार न शोधता नवी तार चढवणारे लोक थोड्याच दिवसांत त्याच दुकानात, तीच तक्रार घेऊन उभे असतात : "भाऊ, कंपनीचा मालच खराब येऊन राहिला." कंपनीचा माल क्वचितच खराब असतो.

तार ब्रिजपाशी, म्हणजे बुडाकडे ती अडकवतात तिथे, सॅडलच्या अगदी टोकावर तुटली असेल तर सॅडलवर धातूची कुसळी आहे. डोळ्यांना ती दिसणार नाही. कापसाचा बोळा सॅडलच्या खाचेतून हळू ओढा. कापसाचे धागे जिथे अडकतील तिथे कुसळी. इतवारीच्या लोहाओळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात बारीक रेगमाल मिळतो. ६०० नंबरचा कागद तारेएवढी गुंडाळी करून चार-पाच वेळा फिरवा, मग १००० नंबरचा, मग पुन्हा कापूस. कापूस अडकला नाही की काम झालं. कानस घेऊन बसू नका, खाच खोल गेली की तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) घासायला लागते आणि मग सॅडलच बदलावं लागतं.

नटपाशी तुटली असेल तर खाच अरुंद आहे. चावी फिरवताना "टिंग" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तीच खूण. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. तेवढ्याने भागलं नाही तर नट कारागिराकडे न्या, घरी कोरू नका. बॉल एंडला, म्हणजे पितळी गोळीपाशी, सुटली असेल तर मात्र दोष तारेत असू शकतो. मधोमध तुटली असेल तर गंज. आणि चावीच्या खुंटीवर, म्हणजे तार जिच्याभोवती गुंडाळतात तिथे, तुटली असेल तर दोष ज्याने तार चढवली त्याचा. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक तारा इथेच मेलेल्या असतात, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर.

तुटलेल्या तारेला गाठ मारू नका. साध्या गिटारची जाड ई बेसच्या जी च्या जागी चालते, हा सल्ला जो देतो त्याने ती कधी लावून बघितलेली नसते. जाडी जवळपास सारखी, ०.०४६ इंच, हे खरं आहे. पण लांबी? नट ते सॅडल ३४ इंच, मागे ब्रिज, पुढे एका ओळीत चार चाव्या असलेल्या डोक्यावर जी ची खुंटी सगळ्यात लांब. गिटारची तार तिथपर्यंत पोचतच नाही.

नवा सेट घेताना स्केल, म्हणजे नट ते सॅडल तारेची लांबी, तपासा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. १७ इंच आले तर ३४, म्हणजे लाँग स्केल. १९५१ साली फेंडर या अमेरिकन कंपनीने प्रिसिजन बेस काढला तेव्हापासून हेच माप रुळलंय. ३० इंचांच्या शॉर्ट स्केल बेसवर लाँग स्केलचा सेट चढवला तर तारेचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीवर वळतो आणि ई तार तिथे गाभ्यातून तडकू शकते. पाकिटावर स्केल लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही.

एकच तार बदलायची की चारही? सेट नवा असेल तर त्याच कंपनीची, त्याच जाडीची सुटी तार मिळवा आणि एकच बदला. सेट जुना असेल तर चारही. एक नवी राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेली नेहमीची तार) तीन मेलेल्या तारांमध्ये इतकी चमकते की गाण्यात तेवढेच सूर बाहेर येतात. यावर कोणीतरी जेम्स जेमर्सनचं नाव काढतोच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा तो थोर बेसवादक तार तुटेपर्यंत बदलत नसे, हे बरोबर. पण तो फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचं वेटोळं असलेल्या तारा, वाजवायचा. फ्लॅटवाउंडला जुनेपण शोभतं, राउंडवाउंडला नाही. आणि उतरवलेल्या तीन तारा फेकू नका, त्यांचं काम शेवटी सांगतो.

जुनी तार आधी पूर्ण सैल करा, मगच कापा. सुरात असलेल्या एकेका तारेवर साधारण वीस किलोंचा ताण असतो. ताणलेली तार कापली तर ती सरळ तोंडावर येऊ शकते. एका वेळी एकच तार बदला, म्हणजे नेकवरचा (मानेवरचा) ताण एकदम उतरत नाही. फ्रेटबोर्ड पुसायचा असेल तर चारही काढल्या तरी आभाळ कोसळत नाही, फक्त बेस रात्रभर तसा ठेवू नका.

आता चावी. बेस शिकवणारे या पायरीवर "तार चावीत घालून गुंडाळा" एवढंच म्हणून पुढे जातात. मलाही सुरुवातीला बराच काळ ही पायरी साधत नव्हती : सूर उतरत राहायचा आणि मोकळी ए तार झणझणायची, कारण कळायचं नाही. कारण सगळं इथे आहे.

बेसच्या बहुतेक खुंट्यांना वरून एक चीर असते आणि चिरेच्या मधोमध खाली जाणारं भोक. ते भोक तारेचं टोक लपवण्यासाठी आहे, ज्याने बोट फाटत नाही आणि तार सुटत नाही. आधी काडेपेटीची काडी घालून भोकाची खोली बघा. साधारण दीड सेंटिमीटर भरते.

तार ब्रिजमधून ओवा, सॅडल आणि नटच्या खाचेत बसवा आणि तिच्या खुंटीच्या पुढे सरळ ओढून धरा. ढिली धरून मोजू नका. खुंटीच्या मध्यापासून पुढे मोजायचं. खुंटीचा घेर साधारण साडेचार सेंटिमीटर असेल तर माझी मापं अशी : ई साठी १०, डी आणि जी साठी १२, ए साठी १४ सेंटिमीटर. तुमची खुंटी बारीक असेल तर दोरा गुंडाळून घेर मोजा. ई ला दोन-सव्वादोन वेढे, डी आणि जी ला अडीच-पावणेतीन, ए ला तीन किंवा किंचित जास्त मिळाले पाहिजेत, हिशोब एवढाच.

ए ला जास्त का? फेंडरच्या घडणीच्या डोक्यावर डी आणि जी या तारांना खाली दाबणारी छोटी पट्टी असते. ई ची खुंटी नटला लागूनच असते, त्यामुळे तिला उतार आपोआप मिळतो. ए बिचारी मधल्या मध्ये. तिचे वेढे कमी पडले तर ती खुंटीवर उंच राहते, नटवर तिचा दाब पडत नाही आणि मोकळी वाजवली की झणझणते. मग लोक नट बदलतात, फ्रेट घासून घेतात, पैसे घालतात. अरे, एक वेढा वाढवा.

माप घेतल्यावर हात कटरकडे जातो, तिथेच थांबा. आधी वाकवायचं, मग कापायचं. मापाच्या खुणेवर नोज प्लायरने तार काटकोनात पक्की वाकवा आणि त्या वळणाच्या पुढे दीड सेंटिमीटर ठेवून कापा. क्रम उलटा केला तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सैल होऊन मागे सरकू शकतं. गोल गाभ्याच्या तारांमध्ये हा धोका सगळ्यात जास्त. षटकोनी गाभा वेटोळ्याला धरून ठेवतो, पण तुमच्या तारेच्या आत काय आहे ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही, तेव्हा सवय एकच ठेवा. वेटोळं सैल झालेली तार तुटत नाही, दिसायला ठणठणीत असते, फक्त तिचा आवाज मरतो. आणि गिटारच्या सेटपेक्षा बराच महाग असलेला सेट लावल्या दिवशीच भंगार होतो.

"कापूच नका, सगळी तार गुंडाळून ठेवा, पुढे कामी येते" असंही सांगणारे आहेत. संक्रांतीला चक्रीवर मांजा कसाही गुंडाळला तरी पतंग उडतो, इथे तसं चालत नाही. एकावर एक चढलेले वेढे वाजवताना घसरत बसतात, म्हणून सूर उतरतो. आणि जिथे तार तारेवरून आडवी जाते तिथे तिला चिमटा बसतो. खुंटीवर तुटलेल्या तारा बघा, अशाच चिमट्यावर तुटलेल्या असतात.

टोक भोकात पूर्ण खाली सोडा, वळण चिरेच्या काठावर बसवा. शेजारच्या तारा खुंटीच्या ज्या बाजूने जातात त्याच बाजूने ही न्या. एका हाताच्या बोटाने तार खुंटीपाशी खाली दाबून ठेवा, दुसऱ्या हाताने चावी फिरवा. पहिला वेढा चिरेच्या लगेच खाली, दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्याही खाली. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, पण त्याच्यावर चढून नाही. एक जरी चढला तरी उलटं फिरवून पुन्हा करा. कंटाळा येतो, करा.

यात आणखी एक गोम आहे आणि ती मी कोणाला सांगताना ऐकलेली नाही : तारेला पीळ पडू देऊ नका. पाकिटातून काढताना ती गुंडाळी उलगडत जाते तशी फिरते. टोक खुंटीत अडकवण्याआधी ब्रिजकडची गोळी सैल सोडून तार स्वतःहून फिरायची तेवढी फिरू द्या, मगच गोळी जागेवर बसवा. पीळ बसलेली तार वरच्या फ्रेटवर बेसूर वाजते आणि तुम्ही उगाच सॅडलचे स्क्रू फिरवत बसता.

सूर लावताना मोबाइलवर आंधळा विश्वास ठेवू नका. मोकळ्या ई ची वारंवारता फक्त ४१ हर्ट्झ आहे. फोनच्या छोट्या माइकला एवढा खालचा आवाज नीट पकडता येत नाही, तो वरचेच सूर ऐकतो आणि ॲप भलतंच दाखवतं. मग माणूस पिळत जातो, पिळत जातो आणि कोरी तार डोळ्यांदेखत जाते. बाराव्या फ्रेटवर तार न दाबता हलकं बोट ठेवून हार्मोनिक (वरचा घंटेसारखा सूर) वाजवा, ॲपला ते कळतं. आणि कानानेही पडताळा : ई च्या पाचव्या फ्रेटवर ए, ए च्या पाचव्यावर डी, डी च्या पाचव्यावर जी. सूर नेहमी खालून वर आणा. मग तार सॅडलच्या आणि नटच्या पुढे अंगठ्याने हलकी दाबा, म्हणजे ती तिथे कमान करून न राहता सरळ बसते. पुन्हा सूर. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि हार्मोनिक जुळतात का बघा. झालं.

कार्यक्रम चालू असताना तुटली तर? १४ एप्रिलच्या आसपास नागपुरात इंदोऱ्याकडे भीमगीतांच्या मंडपात किंवा गणपतीत ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्याला गाणं थांबवायची सोय नसते. तुटलेला तुकडा चावीवर गुंडाळा नाहीतर खिशात खोचा, लोंबू देऊ नका, तो पिकअपला (तारांखालच्या चुंबकी माइकला) लागून खरखर करतो. जी (G) तार गेली असेल तर तिचे सगळे सूर डी वर पाच फ्रेट पुढे आहेत. ई गेली तर ए च्या सातव्या फ्रेटवर ई मिळतो, एक सप्तक वर; लोकांना फरक कळत नाही, ढोलकीवाल्याला कळतो. मधली तार गेली तर तिच्या शेजारच्या जाड तारेवर पाच फ्रेट पुढे जा. गाणं संपेपर्यंत एवढं पुरतं, आणि दोन गाण्यांमध्ये निवेदकाला जरा जास्त बोलायला सांगा.

उरला गंज. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, सगळं घर कूलरसमोर येऊन बसतं आणि बेसही तिथेच भिंतीला टेकवलेला असतो. कूलरची ओली हवा तारांवर आणि घामाच्या मिठावर पडली की गंज वेटोळ्याच्या आत शिरतो, वरून पुसून निघत नाही. तारा उकळून घ्या म्हणणारेही भेटतील. उकळल्याने मळ निघतो, आवाज थोडे दिवस उजळतो, गंजलेला गाभा काही परत मजबूत होत नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा, बेस कूलरच्या झोतापासून दूर, बॅगेत ठेवा. बंद कारमध्येही ठेवू नका, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, तर नाहीच.

आणि त्या उतरवलेल्या तीन तारा अडीनडीला लावायला राखीव : मोठी गुंडाळी करा, काटकोनात दुमडू नका. कोणती तार कोणती ते चिकटपट्टीवर लिहा आणि सिलिका जेलच्या पुडीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेसच्या बॅगेत ठेवा, सोबत नोज प्लायर. खुंटीवर वाकलेला भाग पुन्हा त्याच वळणावर बसवायचा, सरळ करायला जायचं नाही. सरळ केलेलं वळण ताणाला तुटू शकतं.