मालवण-तारकर्लीत काय खायचं, काय प्यायचं आणि कुठे पडून राहायचं, खास नागपूरकरांसाठी

आपण झिरो माईलवाले लोक, समुद्र कुठल्याही बाजूने पाहा, दूरच. त्यामुळे एकदा निघालो की चार दिवसांत सगळं कोंबायची घाई, सकाळी किल्ला, दुपारी स्कुबा, संध्याकाळी गोवा गाठायचा, आणि मग परत आल्यावर फुटाळ्यावर चहा पिता पिता सांगायचं की मालवणचं जेवण काही खास नाही बाप्पा. खास कसं राहील, दुपारी साडेतीनला जेवायला गेले तर? मी तीनदा जाऊन आलो, पहिल्या खेपेला करता येतील तेवढ्या सगळ्या चुका केल्या, म्हणून हे लिहून राहिलो.

जायचं कसं ते पटकन सांगतो. नागपूर-मडगाव स्पेशल गाडी आहे, आठवड्यातून दोनदा, वर्धा-अकोला-भुसावळ-नाशिक करत पनवेलहून कोकण रेल्वेला लागते, कुडाळला उतरायचं. स्पेशल असल्यामुळे तिची मुदत वाढत राहते, तारखा पाहूनच प्लॅन करा. पूर्ण एक दिवस जातो, डबा घरूनच न्या. विमानाने गोवा मिळत असेल तर मोपाला उतरा, दाबोळीपेक्षा ते मालवणला बरंच जवळ आहे. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, रिक्षावाल्याशी बसायच्या आधीच बोलून घ्या.

राहायचं कुठे? मालवण गावात राहाल तर बाजार, जेटी, खानावळी पायी फिरता येतात. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, बीच मोठा, एमटीडीसीचं रिसॉर्ट तिथेच आहे. आणि त्याच्याही पुढे देवबाग, म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड आणि घरं. मी तर देवबागच सांगीन, आणि हॉटेल नाही, घरगुती. खोली साधी राहते, पण जेवणाचा सगळा खेळ तिथेच आहे.

आता तोच खेळ सांगतो. घरगुती ठिकाणी सकाळी नाश्ता करतानाच सांगायचं की दुपारी किती माणसं जेवणार, कारण ते मोजून बनवतात. आणि मेन्यूकार्ड नाही मागायचं, नुसतं विचारायचं की आज काय आलंय. आम्ही गेलो तेव्हा आल्याआल्या मी पापलेट पापलेट करत होतो, आपल्याला नावं येतात दोनच, पापलेट आणि सुरमई. काकू अंगणात विळीवर बसल्या होत्या, म्हणाल्या, "आज पापलेट नाय गावला, बांगडे घेवा, ताजे आसत." मी तोंड वाकडं केलं. त्यांनी काही न बोलता एक बांगडा उचलला, कल्ला बोटाने उघडून दाखवला, आत लालभडक, डोळा चकचकीत, फुगीर. मग म्हणाल्या, कल्ला तपकिरी झाला आणि डोळा आत गेला की तो मासा नको. एवढं एक शिकलो तरी ट्रिप वसूल झाली. नागपुरात आपण रोहू-कतला घेताना वजनाकडेच पाहतो.

त्या बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे घट्ट मसालेदार कालवणात, तिरफळं होती. हे नीट वाचा. तिरफळ म्हणजे मिऱ्याएवढं, थोडं मोठं, काळपट, उकललेलं फळ, ते फक्त वासासाठी असते, चावायचं नसते. मी सावजीतलं अख्खं मिरं समजून कचकन चावलं आणि मग दहा मिनिटं अर्धी जीभ बधिर, झिणझिण्या, पोरं हसून राहिली. तिरफळ दिसलं की ताटाच्या कडेला सारा.

आणि सावजीशी तुलना करू नका, तो वेगळाच विषय. तिथे वर तर्री तरंगत नाही, खोबरं वाटलेलं असते, कोकमाचा आंबटपणा असते, तिखट आहे पण नाकातून पाणी काढणारं नाही. आमच्या भावाने पहिल्या दिवशी वरून तिखट मागितलं, काकूंनी दिलं, पण चेहरा पडला त्यांचा. कोंबडी-वडे खायचे असतील तर तेही आधी सांगून ठेवा, वडे गरम पाहिजेत, थंड झाले की चिवट. तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं मिळालं तर सोडू नका, शिंपल्या हातानेच उघडून खायच्या, चमच्याने तो प्रकार जमत नाही. आणि दुपारचं जेवण एक ते दोनच्या दरम्यान, त्यानंतर उरलंसुरलंच मिळते.

गावातल्या हॉटेलांमध्ये चैतन्य आणि अतिथी बांबू ही नावं कोणीही सांगेल, सुट्टीच्या दिवशी रांग लागते, बाराच्या आसपास पोचा. बाकी कुठेही बसलात आणि कार्डावर मासळीपुढे आकडा नसेल, 'साइजप्रमाणे' लिहिलं असेल, तर ऑर्डर द्यायच्या आधी मासा पाहा आणि भाव विचारा. आम्ही एका ठिकाणी, नाव नाही सांगत, लाज वाटून विचारलं नाही, दोन पापलेट तळून आणले आणि बिल पाहून बायको माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मीच तो मासा पकडून आणला. विचारायला कसली लाज हो, तिथले लोकसुद्धा विचारतात.

एक अडचण येते ती सोमवारची. बऱ्याच घरांत त्या दिवशी मासे नाहीत, शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण. नाक मुरडू नका, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी खाऊन पाहा, आमच्या घरच्या शाकाहारी आत्या तर म्हणाल्या की मला रोजच सोमवार चालेल. मार्चच्या आसपास गेलात तर ओल्या काजूंची उसळ मिळते, ती महाग पडते पण खाच. नाश्त्याला तर्री पोहे शोधत फिरू नका, घावणे घ्या, आणि कुठे शिरवाळे मिळाले, तांदळाच्या शेवया आणि गोड नारळाचा रस, तर पोरांना आधी वाढा, नंतर तुम्हाला उरत नाहीत.

कधी जायचं ते पण मासळीवरच ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळही पावसाळ्यात बंद. आपल्याकडच्या शाळांना मे मध्ये सुट्टी, तेव्हा तिथे घाम खूप निघतो, पण देवगडचा हापूस असते, म्हणून मी माफ करतो. सगळ्यात बेस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फक्त मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पाहून घ्या, ती दरवर्षी बदलते, देवीचा कौल घेऊन ठरते, त्या दिवसांत खोली मिळणं मुश्किल.

प्यायला सोलकढी. कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, आणि नारळाचं दूध, वर लसूण-मिरची. काही ठिकाणी नुसतं गुलाबी पाणी देतात, खरी सोलकढी दाट असते आणि ग्लासला पांढरट थर धरते. जेवणाच्या शेवटी प्या, भातावर पण घ्या. सकाळी शहाळं, दुपारी कोकम सरबत, आपल्याकडच्या उन्हाळ्यावर पण तेच औषध.

बाकीचं प्यायचं विचाराल तर बियर-बिअर सगळं मिळते, पण गोव्याहून स्वस्तात बाटल्या आणू म्हणाल तर विना परवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, नाक्यावर तपासतात. वरून आपली परतीची गाडी वर्ध्याहून जाते, तो जिल्हा तर दारूबंदीचा. एवढं टेन्शन घेऊन काऊन प्यायची?

आराम करायला मला सगळ्यात आवडते ती संध्याकाळची मालवण जेटी. होड्या आल्या की लिलाव लागतो, टोपल्या ओततात, बायका बोली लावतात, भराभर, आपल्याला काहीच समजत नाही. कडेला उभं राहा, कोणाच्या पायात येऊ नका. नंतर रॉक गार्डनला सूर्यास्त. देवबागला सकाळी लवकर उठून नदी आणि समुद्र मिळतात तिथपर्यंत वाळूतून चाला, पाण्याचा रंग दोन प्रकारचा दिसतो. तारकर्लीला कधी रापण ओढताना दिसली तर थांबा, अख्खं गाव दोरी धरून जाळं किनाऱ्याला ओढते, मागितलं तर तुम्हालाही हात लावू देतील.

सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच करा, जेटीवरून होडी मिळते. महाराजांनी १६६४ ला काम सुरू केलं, कुरटे बेटावर, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं मंदिरही आत आहे. टोपी आणि पाणी सोबत ठेवा.

पोहण्याबद्दल मात्र मस्करी नाही. अंबाझरीच्या स्विमिंग पूलमध्ये पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवण-तारकर्लीच्या मधल्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले ८ जण बुडाले. समुद्र शांत दिसतो पण आतून ओढ असते, गावातल्या माणसाला विचारा कुठे उतरायचं, गुडघ्याच्या वर पाणी गेलं की परत फिरा, आणि दुपारी दारू पिऊन तर अजिबात नाही.

परत निघताना बाजारातून मालवणी खाजा घ्या, बेसनाच्या कांड्या, गूळ-आल्याच्या पाकातल्या, गाडीत पोरं नाशिकपर्यंत संपवतात म्हणून दोन पाकिटं जास्तीची. काजू घ्यायचे तर सालासकट भाजलेले घ्या. आणि आगळाची बाटली घेतली तर झाकणावर टेप मारा, दोन पिशव्यांत गुंडाळा आणि बॅगेत उभी ठेवा, मी आडवी ठेवली होती, बडनेऱ्याला बॅग उघडली तर बायकोची पांढरी ओढणी गुलाबी झालेली, तो डाग अजून गेला नाही.