दुबई तीन तास, पण परभणीपासून मोजा

आपल्याकडची पोरं आजकाल बरीच यायलेत इकडं दुबईला आणि चुका त्याच त्या करायलेत, म्हणून लिहायलो.

गावात कुणीतरी सांगतंच की दुबई काय, तीन तासाचा रस्ता. सुट्टीवर येऊन पारावर फुशारकी मारणारेच हे सांगतात. मुंबई ते दुबई सरळ रेषेत 1,930 किलोमीटरच्या आसपास, विमान सव्वातीन तासात नेतं, परत येताना वारा मागून असतो म्हणून जरा लवकर. पण परभणी ते मुंबई देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र जाते, म्हणजे अरबी समुद्राला लागतो त्याच्या तिप्पट वेळ मुंबई गाठायलाच.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते. दुबई आपल्या दीड तास मागं. रात्री 10 ला मुंबईतून उडालात तर तिथल्या घड्याळात पावणेबाराच वाजलेले असतात. उलट दुबईहून रात्री 10 ला निघालात तर मुंबईत अडीच वाजतात, तारीखही बदलते. घरच्यांना हे नीट सांगा, नाहीतर माझ्या मेव्हण्यासारखं कुणीतरी गाडी घेऊन एक दिवस आधीच येऊन बसतं.

आता नीट वाचा. माझं पहिलं तिकीट 12 तारखेचं, वेळ 00:40. मी समजलो 12 ची रात्र. 11 ला रात्री परभणीत गाडीत बसलो, सकाळी मुंबईत उतरलो, आत्याकडं जेवलो, झोपलो आणि रात्री नऊला वडलांना घेऊन विमानतळावर. गेटवरच्या जवानानं कागद घेतला, तारखेवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "ये तो कल रात निकल गयी." म्हणजे विमान उडालं तेव्हा मी मनमाडच्या अलीकडं कुठंतरी वरच्या बर्थवर घोरत होतो! वडील काहीच बोलले नाहीत, लोणच्याची बरणी या हातातून त्या हातात घेतली फक्त. तूर विकून काढलेलं तिकीट होतं ते. दुसऱ्याला सव्वीस हजार लागले, तेही उसने.

तर 00 नं सुरू होणारी वेळ दिसली की आदल्या तारखेच्या रात्री आठ-नऊला विमानतळावर पाहिजे, म्हणजे गाडी त्याच्याही आदल्या रात्रीची. परत सांगतो, आदल्या रात्रीची. देवगिरी लेट होतेच, एक अख्खा दिवस हातात ठेवा. एजंटला विचारू नका, माझा एजंट "हो हो, 12 चीच रात्र" म्हणाला होता.

खसखस आणू नका, तिथं बंदी आहे. आई अनारसे देते, त्याला खसखस लावलेली असते, काळ्या मसाल्यातही असते, म्हणून घरीच विचारून घ्या. गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, काही गोळ्या आपल्याकडं साध्या पण तिथं परवानगीशिवाय चालत नाहीत. आणि गाववाला आहे म्हणून कुणाचं बांधलेलं पार्सल उचलू नका, उघडून दाखव म्हणा, राग आला तर येऊ द्या.

उतरल्यावर टर्मिनल बघा. मेट्रो 1 आणि 3 ला आहे, 2 ला नाही, आणि रात्रभर चालतही नाही. खोली दाखवतो म्हणून गेटवर भेटणाऱ्या मराठी माणसाला आधी विचारा, तुझं कमिशन किती.